औषधाचा पैसा जातो कुठे?

गेल्या माघी वारीच्या सुमारास आम्ही पंढरपुरात होतो. संतपेठेत ज्या घरी उतरलो, तिथल्या मावशी एका लॉजवर खोल्या झाडण्याचे आणि चादरी धुण्याचे काम करतात. वारीचे दिवस म्हणजे त्यांची सुगी. त्या आठवड्यात अंग मोडेपर्यंत काम असते, पण हातात चार पैसे पडतात. रात्री जेवणे उरकल्यावर मावशींनी फळीवरचा पत्र्याचा डबा खाली घेतला, त्यातून गोळ्यांचे पाकीट काढले आणि विळीवर एक गोळी मधोमध कापली. अर्धी तोंडात टाकली, अर्धी कागदात गुंडाळून परत डब्यात ठेवली.

आम्ही विचारले, "मावशी, डॉक्टरांनी अर्धीच सांगितलीय का?"

"डॉक्टर एक म्हणत्यात," मावशी म्हणाल्या, "पर अर्धी केली की महिन्याचं पाकीट दोन महिने पुरतंय."

याच गल्लीत त्यांच्या चुलत जावेला लकवा मारला, त्याला आता दोन वर्षे होतील. त्यांनाही ब्लडप्रेशर होते आणि त्याही गोळी अर्धीच घेत होत्या. हे मावशींना ठाऊक आहे. ठाऊक असूनही त्या विळी हातात घेतात, कारण महिनाअखेरीचा हिशेब त्यांना त्याहून जास्त ठाऊक आहे.

त्याच डब्यात दोन बिले होती. एक त्यांच्या नेहमीच्या मेडिकलचे, दुसरे '८० टक्क्यांपर्यंत सूट' अशी पाटी लावलेल्या नव्या दुकानाचे. दोन्ही बिले एकाच औषधाची, एकाच ताकदीची. पण भावात निम्म्याहून जास्त फरक. मावशींनी ती आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "गोळी तीच म्हणत्यात, मग भाव दोन कसं? मला फसवलं कुणी, पहिल्यानं का दुसऱ्यानं?"

प्रश्न साधा होता. उत्तर शोधायला आम्हाला बरेच दिवस लागले आणि ते शोधताना पंढरपुरातून थेट अमेरिकेपर्यंत जावे लागले.

आधी घरातले पाहू. कारखान्यातून निघालेली गोळी कंपनीच्या गोदामातून होलसेलवाल्याकडे, तिथून मेडिकलमध्ये आणि मग आपल्या हातात येते. सरकारने ज्या औषधांचे कमाल भाव बांधून दिले आहेत, त्यांत २०१३ च्या औषध किंमत आदेशाप्रमाणे किरकोळ दुकानदारासाठी १६ टक्के धरलेले असतात. बाकीच्या नावाजलेल्या कंपन्यांच्या औषधांत होलसेलला १० आणि दुकानाला २० टक्के अशी वहिवाट आहे. इथपर्यंत सगळे उघड आहे.

गोम आहे ती दुसऱ्या प्रकारच्या मालात. तोच घटक, तीच ताकद, पण ज्याची जाहिरात नाही आणि डॉक्टरांकडे ज्याचा प्रतिनिधी जात नाही, असा माल कंपन्या थेट दुकानदारांना विकतात. त्याला व्यापारात 'जेनेरिक' म्हणतात. समजा, दुकानाला असे पाकीट १० रुपयांना पडले आणि त्यावर छापील किंमत १०० रुपये आहे. दुकानदाराने मोठ्या मनाने निम्मी सूट दिली, तरी आपल्याकडून ५० आले आणि त्याला ४० सुटले. याउलट नावाजलेल्या कंपनीचे १०० रुपयांचे पाकीट पूर्ण भावाने विकले, तरी त्याला २० च सुटतात. हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण व्यवहार असाच चालतो. सूट छापील किमतीवर मोजतात, आणि छापील किंमत किती ठेवायची हे विकणाऱ्यांच्या हातात असते.

यात अतिशयोक्ती वाटत असेल तर एक सरकारी दाखला देतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कॅन्सरच्या ४२ औषधांवर सगळ्या मधल्या लोकांचा मिळून नफा ३० टक्क्यांवर आणला. लगेच ३९० ब्रँडच्या छापील किमती खाली आल्या, काहींच्या तर ८७ टक्क्यांपर्यंत. कारखान्यात काहीच बदलले नव्हते. फक्त मधल्यांचा हात आवरला होता. आदल्या महिन्यापर्यंत तो फरक कॅन्सरच्या रोग्याच्या घरातून, कुणाच्या मंगळसूत्रातून, कुणाच्या अर्ध्या एकरातून जात होता.

आता या मधल्या जागेत मोठे भांडवल उतरले आहे. अपोलोची औषध दुकाने १९८७ पासूनची आहेत. आज ती देशभर सहा हजारांहून अधिक आहेत. हैदराबादेत २००६ मध्ये निघालेल्या मेडप्लसची दुकाने चार हजारांच्या पुढे गेली, आणि २०२३ पासून या कंपनीने स्वतःच्या नावाची औषधे मोठ्या सुटीत विकायला सुरुवात केली. ऑगस्ट २०२० मध्ये रिलायन्सने ६२० कोटींना नेटमेड्सचा ताबा घेतला, आणि २०२१ मध्ये टाटांनी वनएमजी घेतली. मुंबईच्या फार्मईझीने त्याच वर्षी रक्त तपासणारी थायरोकेअर विकत घेतली. दुकान, मोबाईलवरची ऑर्डर, रक्ताची तपासणी, डॉक्टरांचा सल्ला हे सगळे एकाच छपराखाली आणायचे, असा हा बेत आहे.

सूट द्यायला यांच्याकडे पैसा कुठून येतो? काही अंशी एकदम मोठी खरेदी केल्याने भाव खरोखरच कमी पडतो, ते मान्य केले पाहिजे. पण बरीचशी सूट गुंतवणूकदारांच्या पैशातून दिली जाते. आधी गिऱ्हाईक जमवायचे, फायद्याचे नंतर पाहू, हा हिशेब. फार्मईझीला २०२३ मध्ये कर्ज फेडण्यासाठी आधीच्या भावापेक्षा सुमारे ९० टक्के कमी भावाने शेअर विकून पैसे उभे करावे लागले. फुकट जेवण फार दिवस वाढता येत नाही, हे लग्नघरातल्या आचाऱ्यालाही कळते.

गावोगावच्या मेडिकलवाल्यांनी याविरुद्ध दंड थोपटले. कल्याणचे जगन्नाथ शिंदे ज्यांचे अध्यक्ष, त्या अखिल भारतीय औषध विक्रेता संघटनेने १४ ऑक्टोबर २०१५, ३० मे २०१७ आणि २८ सप्टेंबर २०१८ असे तीन वेळा देशभर बंद पाळले. त्यांचे म्हणणे असे, की मोबाईलवर चिठ्ठी न पाहता औषधे जातात, नशेच्या गोळ्या पोरांच्या हाती पडतात, आणि लाखो लहान दुकाने मरतात. यात तथ्य आहे. पण चिठ्ठीचा आग्रह या मंडळींनी स्वतः किती पाळला, हेही विचारले पाहिजे. २०१२ च्या सुमारास महेश झगडे हे राज्याचे अन्न व औषध आयुक्त असताना दुकानात फार्मासिस्ट हजर हवा, चिठ्ठीवरच औषध द्या, बिल द्या, एवढाच कायदा त्यांनी लावायला घेतला, तर विक्रेत्यांनी केवढे रान उठवले होते! आपल्या वस्तीतली कितीतरी मुले डी.फार्म. झाली, आणि पुढे वर्षाला ठरावीक रकमेवर सर्टिफिकेट दुसऱ्याच्या दुकानात टांगून स्वतः भलतेच काम करत राहिली. ही गोष्ट आपल्यालाही नवी नाही.

तरीही गल्लीतल्या मेडिकलला एकदम मोडीत काढायला आमचे मन घेत नाही. रात्री अकरा वाजता लेकराला ताप भरला तर शटर वर करणारा तोच असतो. मावशींच्या दुकानदाराकडे उधारीची वही आहे. चैत्रीला घेतलेली औषधे आषाढीला फेडायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा करार आहे. मोबाईलवाल्या कंपनीकडे अशी वही नसते. मात्र उधारी असली की माणूस भाव विचारायला कचरतो. मावशींनी कधीच विचारले नाही, "दादा, यातली स्वस्तातली आहे का?" आणि त्यानेही आपणहून सांगितले नाही. मावशींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे. पहिल्याने त्यांना फसवले नाही, त्याने फक्त गप्प राहून धंदा केला. दुसऱ्यानेही फसवले नाही, त्याने 'सूट' या शब्दाआड स्वतःचा नफा झाकला.

उरलेले अर्धे उत्तर समजायला अमेरिकेकडे पाहावे लागते, कारण आपल्याकडे जे आज रांगते आहे ते तिकडे म्हातारे होऊन बसले आहे. तिकडे बहुतेकांच्या औषधांचा खर्च विमा कंपनी किंवा मालक भरतो. इतकी बिले कोण तपासणार, म्हणून १९६० च्या दशकाच्या अखेरीस मधल्या कंपन्या निघाल्या. त्यांना 'फार्मसी बेनिफिट मॅनेजर' म्हणतात. सुरुवातीचे काम कारकुनाचे होते. कार्ड पाहायचे, बिल तपासायचे, दुकानाचे पैसे द्यायचे. पुढे याच कंपन्या कोणते औषध विम्यात बसते याची यादी ठरवू लागल्या. ज्याच्या हातात यादी, त्याच्या दारात कारखानदार. 'आमची गोळी यादीत वर घ्या, आम्ही एवढी रक्कम परत देतो,' असे सौदे सुरू झाले. मग छापील किंमत जेवढी जास्त, तेवढी परत मिळणारी रक्कमही मोठी. भाव कमी करायला नेमलेल्या माणसाचाच फायदा भाव वाढण्यात झाला.

ओहायो राज्यात २०१८ मध्ये तिथल्या सरकारी लेखापालांनी गरिबांच्या औषध योजनेचे हिशेब तपासले. या मधल्या कंपन्यांनी सरकारी योजनेकडून घेतलेले पैसे आणि दुकानांना दिलेले पैसे यांत एका वर्षात २२ कोटी ४८ लाख डॉलरचा फरक निघाला. त्याच वर्षी औषध दुकानांची साखळी आणि मधली कंपनी दोन्ही हाती असलेल्या सीव्हीएसने एटना ही विमा कंपनी सुमारे ६,९०० कोटी डॉलरला घेतली, आणि सिग्ना या विमा कंपनीने एक्सप्रेस स्क्रिप्ट्स ही मधली कंपनी घेतली. तिसरी मोठी ऑप्टमआरएक्स, ती युनायटेडहेल्थ या विमा कंपनीच्याच घरातली. अमेरिकेतल्या दर १० चिठ्ठ्यांपैकी जवळजवळ ८ या तिघींच्या हातून जातात, असे तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने २०२४ मध्ये सांगितले आणि इन्सुलिनच्या भावावरून त्याच वर्षी तिघींवर कारवाई दाखल केली. विमा, यादी, दुकान सगळे एकाचेच. तक्रार करायची तर कुणाकडे?

या खेळात लहान दुकाने तर गेलीच, पण मोठीही टिकली नाहीत. १९६२ साली सुरू झालेली राइट एड ही हजारो दुकानांची साखळी दोनदा दिवाळ्यात निघाली आणि ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिचे शेवटचे दुकानही बंद झाले. ज्या वस्त्यांतून ती उठली, तिथल्या म्हाताऱ्या माणसांना आता साध्या गोळीसाठी लांब जावे लागते.

आपल्याकडे असे अजून झालेले नाही, त्याचे कारण फार अभिमानाचे नाही. आपला विमा दवाखान्यात दाखल झाल्यावरच जागा होतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते दाखल झाल्यावर, ठरलेल्या आजारांसाठी. मावशींची रोजची गोळी त्यात बसत नाही. लकवा मारला तर योजना, लकवा मारू नये म्हणून घ्यायच्या गोळीला मात्र पदरचा पैसा, असा हा उफराटा न्याय आहे. देशातल्या आरोग्याच्या एकूण खर्चापैकी २०२१-२२ मध्येही ३९.४ टक्के खर्च लोकांनी खिशातून केला. तो खिसा एकट्याचा असतो, म्हणून त्याला घासाघीस करता येत नाही.

घासाघीस करायची तर एकत्र खरेदी करावी लागते. अमेरिकेतल्या मधल्या कंपन्यांनी तेच केले, आपल्याकडच्या साखळ्याही तेच करतात. वाईट एकत्र खरेदीत नाही. त्यातून वाचलेला पैसा कुणाच्या खिशात पडतो, हे पाहायचे. तामिळनाडूने १९९५ पासून सरकारी दवाखान्यांची औषधे एका महामंडळामार्फत घाऊक घेऊन वाटायला सुरुवात केली. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषध योजना आणली. तिथे वाचलेला पैसा रोग्याच्याच घरी राहतो. नोव्हेंबर २००८ मध्ये अमृतसरला सुरू झालेली जनऔषधीची दुकानेही याच वाटेवरची. बाजारातल्या ब्रँडपेक्षा तिथे साधारण ५० ते ८० टक्के भाव कमी असतात. आपल्या मुलीबाळींसाठीचे सुविधा पॅड तिथे २०१९ पासून एक रुपयाला एक मिळते, हेही मायभगिनींनी लक्षात ठेवावे. तिथे सगळी औषधे नेहमी मिळतीलच असे नाही, पण सुरुवात तिथून करावी.

आणि एकत्र खरेदीची एक जुनी योजना तर आपल्या घरचीच आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना मार्च १९४३ मध्ये प्रा. अडारकर यांना कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करायला नेमले गेले. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. कामगार थोडे देतो, मालक जास्त देतो, आणि दवाखाना, औषध सगळ्या कुटुंबाला मिळते. मधल्याचा नफा त्यात धरलेलाच नाही. आज कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. पगार २१ हजारांपर्यंत असेल तर कामगार यात येतो.

हे आम्ही मावशींना सांगत होतो, तेव्हा कोपऱ्यात मोबाईल पाहत बसलेल्या त्यांच्या मुलाने मान वर केली. तो चाकणला एका कंत्राटदाराकडे कामाला आहे, वारीसाठी दोन दिवस घरी आला होता. त्याने मोबाईलवरची पगाराची पावती उघडून दाखवली. ईएसआयची कपात तीन वर्षांपासून चालू होती. "ते काय असतंय, पैसे कापत्यात एवढंच ठाऊक," तो म्हणाला. आईचे नाव कुटुंबात घातले आहे का? नव्हते. स्वतःचे कार्डही त्याने कधी वापरले नव्हते. मुलावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना या योजनेत औषधोपचार मिळतात. आईचे स्वतःचे उत्पन्न महिन्याला ९ हजारांच्या आत असले पाहिजे. मावशींचे वारीचा महिना सोडला तर त्याच्या जवळपासही जात नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मावशींबरोबर त्यांच्या नेहमीच्या मेडिकलमध्ये गेलो. मावशींनी चिठ्ठी पुढे केली आणि आम्ही शिकवल्याप्रमाणे विचारले, "दादा, ह्या गोळीत घटक कोणता हाय, तेवढा ह्या कागदावर लिहून द्या. आणि त्याच घटकाची स्वस्तातली दावा." दुकानदार जरा चपापला, मग हसला. त्याने घटकाचे नाव लिहून दिले, खालच्या खणातून दुसरे पाकीट काढले. त्याने आपणहूनच सांगितले, "मावशी, ही बीपीची चालंल. पर साखरेची गोळी हाय ना, ती हळूहळू विरघळणारी हाय, ती कधी कापू नका. आणि बदलायच्या आधी एकदा डॉक्टरास्नी दावा." २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, म्हणून जुन्या छापील किमतीचा माल असेल तर कमी करून लावायला हवा, हेही आम्ही विचारून घेतले. त्याने बिल दिले. वहीत लिहून ठेवू का, असे विचारले, तर मावशी म्हणाल्या, "नको, आज रोख."

परतताना उपजिल्हा रुग्णालयात डोकावलो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, बीपी आणि साखरेच्या गोळ्याही तिथे मिळतात. मावशींना हे माहीत होते. पण रांगेत अर्धा दिवस जातो आणि लॉजवर अर्ध्या दिवसाचा खाडा मांडला जातो, म्हणून त्या जात नसत. आता महिन्यातून एकदा जाईन म्हणाल्या, साठा असेल त्या दिवशी महिनाभराच्या गोळ्या घेऊन येईन.

मुलगा रविवारी चाकणला परत गेला. कंत्राटदाराच्या कारकुनाने आधी टोलवाटोलवी केली, मग मोबाईलवरूनच आईचे नाव घालता येते हे कळले तेव्हा कंपनीतल्याच एका शिकलेल्या मित्राने ते घालून दिले. आईचा आधार आणि फोटो पाठवायला मावशींना चौफाळ्याजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात दोन खेपा माराव्या लागल्या. परवा त्यांचा फोन आला होता. नाव चढले आहे, सोलापूरला एसटीने जाऊन दाखवून यायचे आहे, सोबत कोण येईल ते पाहते, असे म्हणाल्या. गोळीचे विचारले, तर म्हणाल्या, "आता आख्खी घेतीया."